जिवंत जोडी

औषधाच्या दुकानात खिडकीमागच्या पोरीने "स्टॅनिच!" अशी खणखणीत हाक मारली आणि मी खुर्चीतून ताडकन उठून म्हणालो, "हजर!" सगळं दुकान हसलं. हसू देत. उमेदीची वर्षं ज्याने विधानसभेत हजेरीला ओ देण्यात घालवली, त्याच्या तोंडातून दुसरं काय निघणार? पोरगी म्हणाली, "आजोबा, शाळा सुटली हो केव्हाच. या रक्तदाबाच्या गोळ्या घ्या आणि घरी जा." मी पुडी घेतली. माझ्या मागे उभी असलेली बाई मात्र हसली नव्हती. साठीची, उंच, आणि भुवया इतक्या फिक्या की असून नसल्यासारख्या. त्या भुवया मला पाठ होत्या, फक्त दुसऱ्या चेहऱ्यावरच्या.

"तुम्ही ईस्ट हेलेनाचे स्टॅनिच? आमदार होता ते?"

"होतो. आता नुसता स्टॅनिच."

"अगं बाई! म्हणजे तुम्ही आईची जोडी! मी मार्नी, सोल्वेग टॉर्गरसनची मुलगी. आईला इथेच आणलंय, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. गुडघे गेले तिचे. डोकं शाबूत आहे, नको तितकं शाबूत आहे."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी माणूस घरच्यांची चौकशी करतो, तशी मी केली. म्हटलं, मी आमदार असतानाच्या त्या शेवटच्या एप्रिलमधलं तुमच्या वडिलांचं दुखणं फार जड गेलं असेल ना, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आईला तसंच उठून जावं लागलं होतं.

"कोणाचं, बाबांचं? बाबांना काय धाड भरली होती! ते त्या आठवड्यात बिलिंग्जला बैल विकत होते."

"मग तुमची आई?"

"माझ्याकडे. मी तेव्हा इथे कॉलेजात होते, रॉडनी स्ट्रीटवर खोली होती माझी. सकाळी आली आणि कोटसुद्धा न काढता म्हणाली, बटाटे आहेत का? दिवसभर लेफ्से लाटत बसली, आमच्या नॉर्वेवाल्यांच्या बटाट्याच्या पोळ्या हो. घरमालकिणीला दिल्या, खालच्या मजल्यावर दिल्या, पोस्टमनला दिल्या, तरी उरल्या. फोन वाजला की दचकायची. शेवटी एकदा तिनेच उचलला, ऐकून घेतलं आणि पिठाच्या हातांनी तशीच खुर्चीत बसली. म्हणाली, 'उभा राहिला. मूर्ख माणूस उभा राहिला.' कोण उभा राहिला, कुठे राहिला, मला आजतागायत कळलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "नाही बुवा." तिचा नंबर आला. जाताना ती ओरडून म्हणाली, "भेटायला जा ना! पण जेवणाआधी जा, नंतर ती झोपते."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. म्हणजे बसावंच लागलं. शिनूक सुटला होता, तो गरम वारा जो मार्चमध्ये डोंगरावरून उतरतो आणि सकाळचा बर्फ दुपारपर्यंत गटारात घालवतो. गल्लीभर पाणी वाहत होतं. समोरून दोन तरुण आमदार गेले, कोटावर नावाची पट्टी, हातात कागदी पेला, एकमेकांचं न ऐकता दोघंही बोलत होते. हे विषम साल. आमच्या माँटॅना राज्यात विधानसभा फक्त विषम सालीच भरते, जानेवारी ते एप्रिल. बाकीच्या दिवसांत आमदार आपापली गुरं बघतात, दुकानं बघतात, मी शिसं गाळायच्या भट्टीतली क्रेन चालवायचो. त्यामुळे माझं आयुष्य दोन भागांत वाटलेलं होतं. सम सालं माझ्या आईची, क्रेनची, शिशाच्या धुराची आणि रविवारच्या पोवितित्साची, म्हणजे आमच्या अक्रोडाच्या गोड पावाची. विषम सालांतले हिवाळे सोल्वेगचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच नाही. ती कॅनडाच्या सीमेवरच्या मेडिसिन लेकची, गव्हावाल्यांची आणि गुरांवाल्यांची, समोरच्या पक्षाची, नवरा असलेली. मी भट्टीवाल्यांचा. सभागृहात नावं घ्यायची पद्धत नाही. ती मला "ईस्ट हेलेनाचे सन्माननीय गृहस्थ" म्हणायची आणि मी तिला "मेडिसिन लेकच्या सन्माननीय बाई" म्हणायचो. इतक्या लांबलचक नावाने जी बाई आपल्याला हाक मारते, तिच्या तोंडून नुसतं "लुड्विक" ऐकायला कसं वाटेल, हा विचार मी किती भाषणांच्या वेळी केला असेन, देव जाणे.

आणि आमची जोडी होती. आता ही पद्धत कुणाला माहीत नसते, त्या तरुण पोरांनाही नसेल. एखाद्या सदस्याला मतदानाच्या वेळी हजर राहता येत नसलं, घरी गाय अडली असली, कुणाचं प्रेत उचलायचं असलं, तर तो समोरच्या पक्षातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला गाठून म्हणायचा, माझी जोडी होशील? तो हो म्हणाला की झालं. मग मतदानाला तो उठून उभा राहायचा आणि आपलं मत गिळायचा, म्हणजे गैरहजर माणसाचं नुकसान नको. एक जण हजर आणि एक जण गैरहजर असला तर तिला जिवंत जोडी म्हणत. दोघंही गैरहजर असले तर मेलेली. आणि जोडी न मागताच कोणी गेलं, तर त्याचं मत वाया जायचं, समोरच्यांचा फायदा व्हायचा. यात कायदा कमी आणि शब्द जास्त होता. पहिल्या अधिवेशनात वादळात तिच्याकडचे रस्ते बंद झाले, तेव्हा फोनवर तिने मला विचारलं. तिच्या पक्षाचे म्हणाले, अगं, त्या भट्टीवाल्याचा भरवसा धरतेस? मी उभा राहिलो. मला ते शब्द झोपेतही म्हणता येतील: "अध्यक्ष महाराज, माझी मेडिसिन लेकच्या बाईंशी जोडी आहे. त्या इथे असत्या, तर त्यांनी 'नाही' म्हटलं असतं. मला मोकळीक असती, तर मी 'हो' म्हटलं असतं. म्हणून मी माझं मत राखून ठेवतो." त्या इथे असत्या तर. मला मोकळीक असती तर. भर सभेत, तांब्याच्या घुमटाखाली, लेखनिकांच्या देखत एखाद्या बाईबद्दल एवढं बोलायची सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे? तेव्हापासून आमची जोडी कायमची ठरली. ती माझ्यासाठी उभी राहिली, माझी आई गेली तेव्हा. मी गावी होतो, मागाहून मला कळलं की "ते इथे असते तर" म्हणताना तिने घसा खाकरला होता. मला सांगणारा म्हणाला, सर्दी होती तिला. असेल सर्दी.

दुपारी आम्ही इमारतीच्या तळघरातल्या खानावळीत जेवायचो. शेजारी शेजारी नाही, एका टेबलाच्या दोन टोकांना, मध्ये कुणी ना कुणी. ती रूबार्ब पाय घ्यायची, आंबट तांबड्या देठांचं गोड सारण भरून भाजलेला, आणि मी ॲपल पाय. "स्टॅनिच, तुम्हाला चव नाही," ती म्हणायची. मी म्हणायचो, "बाई, आमच्याकडे ती देठं डुकरांना घालतात." "म्हणूनच तुमची डुकरं तुमच्यापेक्षा शहाणी." टेबल हसायचं. मग ती चमच्याने तिच्या ताटलीतला एक तुकडा काढून माझ्या ताटलीच्या कडेला ठेवायची, बोलणं चालू ठेवून, माझ्याकडे न बघता. मी तो खायचो. मला रूबार्ब आवडत नाही. अजूनही नाही. पण घरी आल्यावर सम सालात मी एकदा बागेत तो लावला होता, आणि आई म्हणाली होती, हे काय खूळ.

आणि मग ते बिल. माझी आमदारकी म्हणजे ते एक बिल. बाकी मी काय केलं? पुलाच्या कठड्याला रंग मिळवला, एका शाळेच्या घंटेसाठी भांडलो. पण हिवाळ्यात पैसे थकले म्हणून कुणाच्या घरचा गॅस किंवा वीज तोडायची नाही, हे बिल माझं होतं. आमच्या गल्लीतल्या मिसेस क्रालिचच्या घरी तोडला होता गॅस, आणि ती बाई ओव्हरकोट घालून झोपायची, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून धुराड्यातून धूर निघावा एवढं वर्तमानपत्र जाळायची. गव्हावाले विरोधात होते; त्यांच्या छोट्या वीज संस्थांवर बोजा पडेल म्हणायचे. खोटं नव्हतं तेही. त्यामुळे सोल्वेग विरोधात. समितीत तिने माझ्या बिलाची साल काढली, मग बाहेर येऊन म्हणाली, "चांगलं मांडलंत, स्टॅनिच. म्हणून तर एवढं झोडपावं लागलं." त्या दिवशी खिडकीपाशी मी तिला मिसेस क्रालिचच्या वर्तमानपत्राबद्दल सांगितलं. समितीत नव्हतं सांगितलं, तिची लाज राखायला. सोल्वेगने बाहेरच्या बर्फाकडे तोंड फिरवलं. "मला हे सांगायला नको होतं तुम्ही," ती म्हणाली. मला वाटलं, रागावली.

शेवटच्या दिवशी बिल पटलावर आलं. ज्याच्या त्याच्या बोटावर हिशेब होता, एक मत इकडे की तिकडे. नावं पुकारायला लागले आणि तिची खुर्ची रिकामी. कोट नाही, पिशवी नाही. कुणी म्हणालं, सकाळी घाईघाईने गेली म्हणे, चेहरा पांढराफटक होता. मला आर्ने आठवला, तिचा नवरा, त्याच्या छातीचं दुखणं. मला दिसलं, ती एकटी बर्फातून गाडी हाकत्ये, आणि या घाईत माझ्याशी बोलायला तिला एक क्षण मिळाला नाही. तिने जोडी मागितली नव्हती. पण मागायची गरज काय, आमची तर होतीच! तिचा नवरा मरणाच्या दारात असताना तिची खुर्ची रिकामी बघून मी माझं बिल तारून नेऊ? माझं नाव आलं. मी उभा राहिलो. माझ्या पक्षाचा म्होरक्या मागून कोट ओढत होता, "बस खाली, स्टॅनिच, बस, तुला कोणी मागितलेलं नाही!" मी ते शब्द म्हटले, सगळे, एकही न गाळता, आणि आयुष्यात कधी म्हटले नव्हते इतके चांगले म्हटले. मतं बरोबरीत आली. बरोबरीत आलेलं बिल मरतं.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. "बाईपायी मत गिळलं" असं म्हणत माझेच लोक दुसऱ्याकडे गेले. दोन वर्षांनी तेच बिल दुसऱ्या कुणाच्या नावाने पास झालं आणि मी ते क्रेनमध्ये बसून रेडिओवर ऐकलं. मधले हिवाळे मिसेस क्रालिचने वर्तमानपत्रं जाळली. ते सगळं मी गिळलं असतं. माझ्या घशात अडकलं ते वेगळंच. अधिवेशन उठल्यावर आवराआवर करायला सोल्वेग परत आली. जिन्यात समोर आली. मी टोपी काढली आणि म्हटलं, "घरी सगळं ठीक?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंत असतो तर बरं झालं असतं. "ठीक," ती म्हणाली आणि उतरून गेली. एवढंच. ज्या बाईसाठी मी माझं सगळं टाकलं, तिने मला ओळख दिली नाही, आणि का नाही, हे मी क्रेनच्या वर बसून, आईच्या रिकाम्या घरात, अगदी आत्ता सकाळी दाढी करतानासुद्धा विचारत आलो. आर्ने गेल्याचं पेपरात वाचलं तेव्हा फोन उचलला होता. खाली ठेवला. म्हटलं, तिला उपकार आठवायला नकोत.

आणि आता ही मुलगी म्हणते, बटाटे.

मला कळलं होतं, तिथे औषधांच्या खिडकीपाशीच कळलं होतं, नुसतं खरं वाटत नव्हतं. काठी टेकत मी चढ चढलो. बस होती, पण बसमध्ये बसून काय, वाट लवकर संपली असती. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होतं, निदान लोकांना तसं वाटलं असेल. वृद्धाश्रमाच्या दारात टेबलाशी एक मुलगी होती, हसतमुख. "कुणाला भेटायचंय? तुम्ही त्यांचे कोण?"

मी टोपी काढली. "मी ईस्ट हेलेनाचा सदस्य."

"कशाचे सदस्य? बिंगोचे?" तिने विचारलं. मग माझं तोंड पाहून म्हणाली, "जा, जा, टॉर्गरसन आजी खिडकीपाशी आहेत. आज जरा तिखट आहेत हं."

चाकाच्या खुर्चीत ती लहान झाली होती. भुवया तशाच. खिडकीतून विधानसभेचा घुमट दिसत होता. तिने मान वळवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गोळ्यांची पुडी पाहिली.

"उशीर केलात, स्टॅनिच. मतदान संपलं."

"मार्नी भेटली होती."

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." ती परत खिडकीकडे वळली. "बसा. काठी आडवी ठेवू नका, म्हातारे अडखळतात."

मी बसलो. किती तरी बोलायचं होतं आणि मी एखाद्या नवख्या सदस्यासारखा खाकरलो. "बाई, एकच प्रश्न. त्या दिवशी तुम्ही आला असतात, तर?"

"तर 'नाही' म्हटलं असतं."

"नाही?"

"मग? मला माझ्या लोकांनी 'नाही' म्हणायलाच धाडलं होतं. तुमच्या त्या बाईच्या धुराड्यासाठी मी त्यांना फसवू? 'हो' म्हणणं मला शक्य नव्हतं, स्टॅनिच. न येणं शक्य होतं. तेवढंच होतं माझ्याजवळ, ते दिलं." तिने मांडीवर एका हाताने दुसरा धरला. "आणि तू उभा राहिलास! तुला कुणी सांगितलं होतं रे उभं राहायला? मागितली होती मी जोडी? इतक्या वर्षांत कधी तरी न मागता गेले होते? एकदा न मागता गेले, तर माणसाला कळू नये?"

"मला वाटलं, आर्ने..."

"आर्ने बैल विकत होता!"

"मला वाटलं, तुमच्या मागे तुमचं मत सांभाळावं."

"सांभाळलंस! मला काय वाटलं, ठाऊक आहे? मला वाटलं, तुला कळलं होतं. कळून, भर सभेत उठून, मी दिलेलं तू परत केलंस. नको मला तुझं, असं म्हणालास." तिने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "लुड्विक, मी इतक्या पोळ्या लाटल्या होत्या."

लुड्विक. इतकी वर्षं वाट पाहिलेली ती हाक, आणि ती अशी आली, ओरडा खाताना. मला हसू आलं, आणि हसता हसता माझंच मला आवरेना. मी गोळ्यांच्या पुडीनेच डोळे पुसले. "मला वाटलं, मी देतोय," मी म्हटलं. "तूही द्यायला निघालीस आणि मीही. आणि आर्ने गेल्यावरसुद्धा मी फोन केला नाही. फार हवी होतीस मला तू, सोल्वेग. सम सालातसुद्धा."

तिने माझ्या बाहीला लागलेला एक दोरा काढला आणि तो बोटाला गुंडाळत बसली.

मग घंटा झाली. सेविका आली, म्हणाली, जेवणाची वेळ, पाहुण्यांनी आता निघावं हं, आणि खुर्ची फिरवून तिला घेऊन गेली. सोल्वेगने मागे पाहिलं नाही. मी टोपी घातली. काठी शोधली. जेवणघराचं दार वाटेवरच होतं, उघडं, आत म्हातारी माणसं टेबलांना बसली होती आणि ती हसतमुख मुलगी टाळ्या वाजवून विचारत होती, "गोड काय आणू? ॲपल पायसाठी हात वर! आता रूबार्ब! टॉर्गरसन आजी, तुमचा हात कुठल्यालाच नाही?"

"मला मत देता येत नाही," सोल्वेगचा आवाज आला. तोच आवाज, सभागृहातला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "माझी ईस्ट हेलेनाच्या गृहस्थांशी जोडी आहे. ते इथे असते, तर त्यांनी 'ॲपल' म्हटलं असतं. मला मोकळीक असती, तर..." आणि ती थांबली. तिला ते शब्द येत नव्हते असं नाही.

मी दाराबाहेर, पाठमोरा, कोटाची बटणं लावत होतो. इतकी वर्षं आम्ही एकमेकांची जोडी होतो, आणि दर वेळी त्यासाठी एकाला नसावं लागलं होतं.

मी आत गेलो. टोपी काढली. "हजर," मी म्हणालो, औषधाच्या दुकानातल्यापेक्षा बराच हळू, आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो. पाहुण्यांनी निघायचं असतं, असं सेविका म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

"मग द्या मतं," मुलगी म्हणाली.

"रूबार्ब," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी सोल्वेग म्हणाली, "ॲपल."

मुलीने कपाळाला हात लावला. "हे काय हो! दोघांची मतं कटली की. नसतात तरी चाललं असतं."

"चाललं असतं," सोल्वेग म्हणाली. "पण आहोत."